सात नंबरचं विरजण

कलकत्त्याहून आलेलं पार्सल मी शाळेच्या व्हरांड्यात उघडलं. आत पेंढा भरपूर होता आणि काचाही भरपूर होत्या. बारा स्लाइडपैकी नऊ फुटल्या होत्या. समुद्री शेवाळाची बाटली वाटेतच गळून कोरडी झाली होती. पाइनची फांदी पोचली होती, पण सुया गळून तिचं दातण झालं होतं. सुस्थितीत आणि तीन प्रतींत आलेली वस्तू एकच होती, मालाची यादी.

हेडमास्तर माझ्या मागे उभे होते. त्यांनी ती फांदी उचलली, हुंगली आणि परत ठेवली.

"आता काय करता, बाई?"

"यादी बदलते," मी म्हटलं.

यात धीटपणा काही नव्हता. मला दुसरं काही सुचत नसे, अजूनही सुचत नाही. अडचण आली की मी कागदाच्या मधोमध रेघ मारते.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवायला आले होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या गावात अजून दही लावतात. शाळेत नववीपासून जीवशास्त्र नव्यानं सुरू केलं होतं, तेही एका वर्षाच्या बोलीवर, आणि माझी नेमणूकही तेवढीच. महालक्ष्म्या झाल्या की संस्थेची बैठक व्हायची होती. वर्ग ठेवायचा की बंद करायचा ते तिथं ठरणार होतं. संस्थेचे अध्यक्ष वकील होते आणि त्यांचं मत त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. "गणित आहे, पदार्थविज्ञान आहे. पानं-फुलं दाखवायला पदवीधर कशाला? माळी पुरेल."

वर्ग बंद झाला तर मला नागपूरला परत जावं लागणार होतं. तिथं वडिलांनी दोन गोष्टी तयार ठेवल्या होत्या, एक टायपिंगचा क्लास आणि एक स्थळ. दोन्हींतलं जास्त नकोसं कोणतं, याचीही मी एक यादी केली होती. दोन्ही बाजू सारख्याच भरल्या. तेव्हा मला इथंच राहायचं होतं, हे पक्कं.

त्या संध्याकाळी मी पुस्तकातली नावं डावीकडे लिहिली आणि गावात मिळणारी उजवीकडे. समुद्री शेवाळासमोर गुरांच्या हौदातलं शेवाळ आलं. ट्यूलिपसमोर धोतऱ्याचं फूल आलं, कापायला सोपं आणि पुस्तकातल्या चित्राहून मोठं. शेजारी लाल शाईनं 'तोंडात घालू नये'. पानाच्या शिरांसाठी पळस, त्या मागच्या बाकावरूनही दिसतात. पाइनसमोर फुली. आमच्या जिल्ह्यात पाइनला पर्याय नाही आणि पाइनवाचून कुणाचं अडलेलंही नाही.

मुळांवरच्या गाठींसाठी तूर लिहिली होती. शाळेला लागूनच तुरीचं शेत होतं. अकरा मुलामुलींचा वर्ग घेऊन मी बांधावर गेले आणि चार रोपं उपटली. पाचव्याला हात घातला तोच शेताचा मालक धावत आला.

"ओ मास्तरीणबाई! उभी तूर कायले उपटून राह्यल्या?"

"मुळं पाहायची आहेत, दादा."

"मुळं पाहाची तं मुळे उपटा ना बाजारातले!"

मी त्याला गाठी दाखवल्या. तो म्हणाला, हा तं रोग हाय. मी म्हटलं, रोग नाही, या गाठींत बारीक जीव राहतात, ते हवेतलं खत मुळांना आणून देतात. त्यानं एक गाठ नखानं फोडली. आत गुलाबी निघाली. त्यानं आणखी एक फोडून पाहिली, तीही गुलाबी.

"म्हंजे मले फुकटात मजूर भेटले म्हना."

"तसंच."

"मंग त्यांले कायले उपटता?"

वर्ग हसला. त्या दिवसापासून मी शेतात परवानगी मागून जाऊ लागले आणि दोनच रोपं घेऊ लागले.

राहिले जिवाणू. फुटलेल्या नऊ काचांत ते होते. सूक्ष्मदर्शक एक होता, त्याचं मोठं भिंग शाबूत होतं. रंगवायला लागणारं औषध सरकारी दवाखान्यात मिळालं. तोंड आलं की लावतात ते जांभळं पाणी. आणि जिवाणू तर प्रत्येक घराच्या फळीवर झाकून ठेवलेले असतात. मी मुलांना सांगितलं, उद्या घरून एकेक चमचा विरजण आणा.

श्रावण चालू होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाट्या आल्या. वकिलांची मुलगी त्याच वर्गात होती. तिनं आपली चांदीची वाटी टेबलाच्या एका टोकाला ठेवली आणि म्हणाली, "बाई, आईनं सांगितलंय, आमचं वेगळं ठेवा." टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या अगदी कडेला, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून तीन मैल चालत येणाऱ्या मुलीनं आपली मातीची बोळकी ठेवली होती. तिला तसं ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला जास्त लागलं.

मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. दवाखान्यातून आणलेल्या बारा सारख्या चिनी वाट्या उकळून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत सारखं दूध, एकाच म्हशीचं. अकरांत एकेका घरचं विरजण, दर वेळी चमचा उकळत्या पाण्यातून काढून. बारावीत नुसतं दूध, काही न घालता. मग वाट्यांची सरमिसळ केली आणि त्यांवर आकडे चिकटवले. कुठला आकडा कुठल्या घरचा, ते माझ्या वहीत. वही माझ्या खणात. खणाची किल्ली माझ्या कमरेला.

मुलं आत आली तेव्हा टेबलावर नुसते आकडे होते.

"आमचं कोणतं, बाई?" वकिलांच्या मुलीनं विचारलं.

"प्रयोग संपेपर्यंत कुणाचंच नाही."

पुढचे तीन आठवडे वर्गाला दह्याचं वेड लागलं. अकराच्या घंटेला लावायचं, पाचच्या घंटेला बघायचं. वाटी तिरकी केली की दही धरून राहतं का. पाणी किती सुटतं. जास्वंदीच्या पाण्यात निवळी टाकली की रंग किती लाल होतो. भिंगाखाली काड्या जास्त की मण्यांच्या माळा. चारदा केलं आणि चारही वेळा सात नंबर पहिला आला. घट्ट, गोडसर आंबट, पाण्याचा थेंब नाही. मुलं मैदानावरही 'सात नंबर' म्हणू लागली. कुणी चेंडू चांगला टाकला तरी सात नंबर.

सात नंबर म्हणजे खिडकीजवळची बोळकी. हे मला ठाऊक होतं आणि कुणालाच नव्हतं, त्या मुलीलाही नाही.

वकिलांकडचं दही चार नंबर होतं. गावात त्याची ख्याती होती. महालक्ष्म्या जेवल्या की दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून विरजण न्यायचं, म्हणजे वर्षभर दुभत्याला कमी पडत नाही, अशी बायकांची समजूत. पण तिसऱ्या फेरीत मी चार नंबरमध्ये काडी बुडवून उचलली तर दह्याला कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक तार आली. मी वहीत लिहिलं, 'तार?' आणि वही मिटली. एका प्रश्नचिन्हाच्या जोरावर अध्यक्षांच्या दह्यावर आरोप करायला मी कायम झालेली नव्हते.

महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी शाळा लवकर सुटली. विरजणं जिवंत ठेवायची तर रोज लावावी लागतात, म्हणून मी प्रयोगशाळेत थांबले होते. मागच्या दारातून वकिलांची बायको आत आली. सगळं गाव त्यांना काकू म्हणत असे. पदराखाली झाकलेलं पितळी भांडं होतं.

"बाई, तुम्ही दह्याचं काही करता म्हणे."

"हो, काकू."

त्यांनी भांडं टेबलावर ठेवलं आणि चमचा उचलला. तार वीतभर लांब आली.

"तीन दिवसांपासून असं होऊन राह्यलं. भांडी घासली, दूध बदललं, दृष्टही काढली. उद्या शंभर पान उठायचं आहे. कढी आहे, आंबील आहे."

"शेजारून विरजण नाही आणलंत?"

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी प्रश्न मागे घेतला. सगळं गाव ज्यांच्याकडून विरजण नेतं त्यांनी वाटी घेऊन कुणाच्या दारात जायचं? शाळा हे दार नव्हतं. ही सोय त्यांनी माझ्या आधी ओळखली होती.

"लवकर करा, दिवेलागण झाली की विरजण हलवत नाहीत," त्या म्हणाल्या. "चांगलं कोणतं?"

"सात नंबर."

"कोणाकडचं?"

"प्रयोगशाळेत आकडेच असतात, काकू."

त्यांनी क्षणभर वाट्यांकडे पाहिलं. सगळ्या सारख्या पांढऱ्या. "बरं आहे," त्या म्हणाल्या. "आकड्याला कुळ नसतं."

तीन नंबरचं दहीही बरं होतं आणि ते देवळाच्या पुजाऱ्यांकडचं होतं. ते देता आलं असतं. मी सातच दिलं, कारण ते सगळ्यांत चांगलं होतं. हे खरं कारण आहे. दुसरं कारणही होतं, ते तेव्हा मला हसू येत होतं त्यावरून कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मीही पंगतीत होते. वकीलसाहेबांनी कढी तीनदा वाढून घेतली. गाव म्हणत होतं, यंदाचं दही काही वेगळंच. तिसऱ्या दिवशी सकाळी बायका वाट्या घेऊन रांगेनं त्यांच्या ओसरीवर.

त्यानंतरच्या शुक्रवारी वकीलसाहेब संस्थेच्या दोन सभासदांना घेऊन वर्ग बघायला आले. रविवारी बैठक होती. त्यांनी हौदातलं शेवाळ पाहिलं, धोतरा पाहिला, पळसाचं पान उलटंपालटं केलं. मग वाट्यांपाशी थांबले.

"याचा उपयोग काय?"

मी तोंड उघडायच्या आत पुढच्या बाकावरून उत्तर आलं. "साहेब, गावातलं सगळ्यांत चांगलं दही कोणाचं, ते कळते!"

वकीलसाहेबांचा चेहरा पहिल्यांदाच मऊ झाला. "असं का? मग कोणाचं आहे?"

"सात नंबर!" अख्खा वर्ग ओरडला.

"म्हणजे आमचंच असणार," त्यांनी सभासदांकडे वळून म्हटलं. "बाई, यादी दाखवा."

यादी माझ्या पोटापासून हातभर लांब, खणात होती. मी आयुष्यात यादीबद्दल खोटं एकदाच बोलले आहे, ते तेव्हा.

"घरी राहिली, साहेब."

"हरकत नाही. बैठकीला घेऊन या. वर्गाचा निर्णय करायच्या आधी यादीच वाचू. पुरावा पाहिल्याशिवाय मी मत देत नाही."

मधे एकच दिवस होता. यादी दाखवली तर महालक्ष्म्यांचा नैवेद्य, शंभर पान आणि माझी नोकरी, सगळं एका ओळीत निकालात निघणार होतं. यादी बदलता आली असती. सातच्या जागी चार, नुसता एक आकडा. मी पेन्सिल हातात घेऊन पाहिली. नाही जमलं. मग शनिवारी दुपारी मी त्या मुलीबरोबर तांड्यावर गेले. तिच्या आईच्या दह्यावरून एवढं रामायण व्हायचं, तर तिला आधी विचारायला हवं होतं.

मुलगी आईला याडी म्हणायची, म्हणून मीही तेच म्हटलं. याडी अंगणात ज्वारी पाखडत होती. मी सगळं सांगितलं. वकीलसाहेबांनी कढी तीनदा घेतली इथपर्यंत आले, तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं आणि हसू लागली. हसता हसता डोळे पुसले.

"मास्तरीणबाई, ते तं त्याइच्याच घरचं हाय ना!"

"म्हणजे?"

"ही पोरगी व्हाच्या आधीची गोष्ट. मी मोळी टाकाले जात होती वकिलाच्या वाड्यावर. उन्हाचे दिवस. त्याइची म्हातारी होती तवा. तिनं मायाकडच्या गाडग्यात वरतून ताक ओतलं, हात लागू नाही म्हून हातभर वरतून. अर्धं मी पेली, अर्ध्याचं दही लावलं. तवापासून तेच लावून राह्यली."

"त्याच गाडग्यात?"

"गाडगे फुटत राह्यते बाई, विरजण फुटत नाही. वकिलाले सांग, घाबरू नको म्हना. तुमचंच हाय, फक्त आमच्या घरी राहून सुधरलं!"

परत येताना तीन मैल मी एकटी हसत होते. माझी सुटका झाली होती. हे एक वाक्य बैठकीत सांगितलं की वकीलसाहेब 'आमचंच' म्हणून छाती पुढे काढणार, नैवेद्य शुद्ध, वर्ग कायम. सगळं जागच्या जागी. जेवढं जवळ येत होते तेवढं ते मला नकोसं वाटू लागलं. इतक्या वर्षांची याडीची मेहनत, आणि बक्षीस वरून ताक ओतणाऱ्या घराला.

रविवारी सकाळी काकू प्रयोगशाळेच्या मागच्या दारात उभ्या. मी वही घ्यायला आले होते.

"हे घरी सांगून राह्यले, सात नंबर आपलंच म्हणून. आपलं नाही हे मला माहीत आहे. खरं सांगा बाई, कोणाचं?"

याडीचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मग मला ती बारावी वाटी आठवली. काही न घालता ठेवलेलं दूध काय करतं, हे पाहिल्याशिवाय प्रयोग पुरा होत नाही.

"तांड्यावरचं," मी म्हटलं आणि पुढं काही घातलं नाही.

"मोळी आणायची ती?"

"तिचंच."

काकू स्टुलावर बसल्या. मग बोटांवर मोजू लागल्या. "पोस्टमास्तरीणबाईंनी नेलं. डॉक्टरांकडे गेलं. देवळात गेलं. तहसीलदारीणबाईंनी तर दोनदा नेलं, पहिलं सांडलं म्हणून. पस्तीस-चाळीस घरं झाली." बोटं थांबली. "परत आणता येतं का हो?"

"नाही, काकू. दुधात गेलं की गेलं."

"महालक्ष्म्यांनी खाल्लं."

"हो."

"आणि यांनी तीनदा." त्यांच्या ओठाची एक कड हलली. त्यांनी ती पदरानं झाकली. "यांना कळलं तर हे सगळ्या गावाला नोटिसा काढतील. पहिली मला."

मी वही पिशवीत ठेवली आणि शक्य तितक्या साधेपणानं म्हटलं, "वर्ग बंद झाला की माझं सगळं दप्तर संस्थेच्या कपाटात जमा करावं लागतं, काकू. ही वहीसुद्धा. चालू राहिला तर माझ्या खणात राहते."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही दिसता तितक्या गरीब नाही हो, बाई."

"नाही, काकू."

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "तिला सांगा, मोळी घेऊन आली की पुढच्या ओसरीवर यायचं. मागच्या दारानं नाही." आणि थोडं थांबून, "का, ते सांगू नका."

बैठक दुपारी शाळेच्या ऑफिसात भरली. मी दाराशी वही घेऊन उभी होते. वकीलसाहेब माझ्याकडे न पाहता कागद चाळत होते. काकूंनी घरी किती सांगितलं होतं कोण जाणे, पण त्यांचे कान लाल होते.

एक सभासद उत्साहानं म्हणाले, "साहेब, यादी आली वाटते. सात नंबर पाहू ना!"

"तो विषय पत्रिकेवर नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"पण तुम्हीच त्या दिवशी..."

"पत्रिकेवर नाही म्हटलं ना!"

दहा मिनिटांत दोन ठराव झाले. पहिला, जीवशास्त्राचा वर्ग पुढे चालू ठेवावा व बाईंना कायम करावं. दुसरा वकीलसाहेबांनी स्वतः उभं राहून सांगितला आणि हेडमास्तरांनी लिहून घेतला: प्रयोगशाळेत यापुढे दूध, दही, ताक अथवा लोणी ठेवण्यात येऊ नये.

मी ठरावाची नक्कल मागून घेतली. घरी येऊन नागपूरला पत्र लिहिलं. टायपिंगच्या क्लासातलं नाव काढावं आणि त्या स्थळाच्या मंडळींनाही तसं कळवावं. मग नवा कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि वर 'पुढील वर्ष, सूक्ष्मजीव' असं लिहिलं. दही गेलं, तर आता किण्वन शिकवायला काय आहे? पुस्तकात द्राक्षं होती. आमच्याकडे द्राक्षं नव्हती. राज्यात दारूबंदी होती, पण जंगल तीन मैलांवर होतं आणि वाळलेली मोहफुलं तांड्यावर पोत्यानं मिळत.

मी ठरावाची नक्कल पुन्हा एकदा नीट वाचली. दूध, दही, ताक, लोणी. मोहाचं नाव त्यात कुठंच नव्हतं.